पूर्वप्राथमिक शिक्षण धोरणातील आंतरराष्ट्रीय व स्थानिक प्रभाव : कोसबाडच्या प्रयोगाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

बालशिक्षणाविषयीच्या आपल्याकडील चर्चासत्रांत एक विचार हमखास मांडला जातो. जगात जे उत्तम आहे ते घ्यावे आणि ते आपल्या मातीत रुजवावे, असा तो विचार होय. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु घ्यावयाचे कोणी, रुजवावयाचे कोणी आणि रुजले की नाही हे ठरवावयाचे कोणी, या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळत नाहीत. परिणामी समतोलाची चर्चा आशयाच्या प्रमाणावर येऊन थांबते. परदेशी तत्त्वज्ञ किती व भारतीय विचारवंत किती, प्लॅस्टिकचे ठोकळे किती व मातीची खेळणी किती, असा हिशेब मांडला जातो आणि तो जुळला की समतोल साधला असे गृहीत धरले जाते.

प्रस्तुत लेखातील प्रतिपादन याहून वेगळे आहे. पूर्वप्राथमिक शिक्षणातील स्थानिक व आंतरराष्ट्रीय प्रभावांचा समतोल हा प्रामुख्याने निर्णयाधिकाराचा प्रश्न आहे. बाहेरून आलेली पद्धत प्रत्यक्ष मुलांसमोर तपासण्याचा, बदलण्याचा व प्रसंगी बाजूला ठेवण्याचा अधिकार ज्या व्यवस्थेत शिक्षिकेला असतो, तेथे परदेशी विचारही आपला होतो. तो अधिकार नसेल, तर देशी म्हणवणारा आशयसुद्धा मुलांच्या दृष्टीने परकाच राहतो. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ महाराष्ट्रातील बोर्डी-कोसबाडचा प्रयोग आणि १९७५ नंतरचे शासकीय धोरण यांची तुलना येथे केली आहे.

परदेशी पद्धतींचे आगमन

महाराष्ट्रात बालशिक्षणाचे परदेशी विचार धोरणकर्त्यांच्या आधी शिक्षकांनी आणले, ही बाब लक्षणीय आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केल्यानंतर त्या अभ्यासाचा उपयोग करून घेतला. विधवांसाठी काढलेल्या संस्थेत जर्मन बालशिक्षण पद्धती यावी, याचे कारण रमाबाईंच्या मते या स्त्रिया शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभ्या राहू शकत होत्या. पद्धत जर्मन असली तरी तिची गरज येथील होती.

दुसरा प्रवाह मारिया माँटेसरी यांचा. त्यांनी १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत पहिले बालगृह काढले. त्यांचे विचार पुस्तकांतून भारतात पोहोचले. व्यवसायाने वकील असलेल्या गिजुभाई बधेका यांनी ते वाचले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्याच दशकाच्या आरंभी ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारे हे विचार मराठी पालक-शिक्षकांपर्यंत नेले व १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला.

गिजुभाईंनी माँटेसरी पद्धत जशीच्या तशी स्वीकारली नाही. लहान मुलांना काल्पनिक परीकथा सांगण्याविषयी माँटेसरी साशंक होत्या. वास्तवाचा अनुभव आधी, कल्पना नंतर, अशी त्यांची धारणा होती. गिजुभाईंनी मात्र गोष्ट हे बालमंदिराचे मुख्य साधन मानले आणि कथाकथनाच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गाणी, नाट्य व लोककथा यांना त्यांनी दैनंदिन कार्यक्रमात स्थान दिले. ज्या समाजात मुलाचे पहिले भाषाशिक्षण आजीच्या गोष्टीतून होते, तेथे गोष्ट वगळणे म्हणजे मुलाचे घर वगळणे होय, ही जाणीव त्यामागे दिसते. माँटेसरी स्वतः भारतात आल्या त्या १९३९ मध्ये, अड्यारला. त्याच वर्षी जून महिन्यात गिजुभाईंचे निधन झाले होते. म्हणजे पद्धतीच्या जनकाची अनुमती घेण्याचा प्रश्न न येता हा बदल आधीच होऊन गेला होता.

कोसबाड : काय घेतले, काय सोडले

गांधीजींनी १९३१ मध्ये लंडन येथील माँटेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात भाषण करताना गरिबांच्या मुलांनाही असे शिक्षण मिळावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. त्या इच्छेतील अडचण उघड होती. माँटेसरी साहित्य नेमक्या मापाचे, सुताराकडून कसोशीने बनवून घ्यावयाचे आणि म्हणून महाग होते. दादरच्या मध्यमवर्गीय पालकांना ते परवडत असे. खेड्याला परवडणारे नव्हते.

ताराबाईंनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये स्थिरावले. तेथे माँटेसरी विचारातील तीन गोष्टी टिकल्या. मूल स्वतःच्या हातांनी शिकते, इंद्रियांचे शिक्षण हा बुद्धीच्या शिक्षणाचा पाया आहे, आणि शिक्षा व स्पर्धा यांना बालशिक्षणात स्थान नाही, ही ती तत्त्वे होत. साहित्य मात्र बदलले. शंखशिंपले, बिया, खडे, पाने, बांबू व माती यांतून रंग, आकार, संख्या व स्पर्श यांचे खेळ तयार झाले.

साहित्यापेक्षा महत्त्वाचा बदल स्थळ व काळ यांत झाला. पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, असे आढळले. तेव्हा मुलांनी शाळेत यावे हा आग्रह सोडून शिक्षिका पाड्यावर जाऊ लागली आणि एखाद्या झोपडीच्या अंगणात मुले जमू लागली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या अनुभवातून रूढ झाला. मोठी मुलगी लहान भावंड सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, हे लक्षात आल्यावर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणारी मुले येऊ शकत नाहीत म्हणून ‘कुरणशाळा’ निघाली व शिक्षक कुरणात गेला. यांपैकी कोणताही उपक्रम माँटेसरींच्या ग्रंथांत सापडत नाही. मुलाच्या परिस्थितीचे निरीक्षण करून पर्यावरण रचावे, हे सूत्र मात्र माँटेसरींचेच आहे. कोसबाडने त्या सूत्राशी इमान राखण्यासाठी त्यांचे तपशील बदलले.

या प्रयोगाचा गौरव करताना त्याच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. स्थानिक काय, हे येथेही बाहेरून आलेल्या शिक्षितांनीच ठरविले होते. मुलांना स्वच्छ करणे, नीटनेटकेपणा लावणे यांत सुधारणेबरोबर संस्कारित करण्याचा वरचा सूरही होता. शिवाय १९४५ हेच वर्ष उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांच्या उठावाचे आहे. किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्ध तो उठाव झाला. गोदावरी परुळेकर यांनी त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. जमीनदाराच्या वेठीतून आईबाप मोकळे होण्याचा आणि मूल अंगणात खेळावयास मोकळे होण्याचा परस्परसंबंध बालशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच नोंदविला जातो. तो नोंदविला नाही, तर स्थानिकतेचा अर्थ केवळ शंखशिंपल्यांपुरता उरतो.

तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. मुले येत नाहीत हे ज्यांनी पाहिले, त्यांनाच शाळा हलविण्याचा अधिकार होता. निरीक्षण व निर्णय यांत अंतर नव्हते.

शासनाने शब्द स्वीकारला

१९७४ च्या राष्ट्रीय बालक धोरणानंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्राचे नाव अंगणवाडी असे झाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत आहेत. शिक्षण ही त्यांपैकी एक सेवा होय.

या योजनेचे मोल कमी लेखता येणार नाही. लोकांच्या अन्नहक्कासंबंधीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून दिलेल्या आदेशांमुळे तिचा विस्तार झाला. २००६ मध्ये १४ लाख अंगणवाड्यांचे लक्ष्य न्यायालयाने घालून दिले. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. कोसबाडला एक टेकडी व्यापता आली, तर शासनाला जवळजवळ प्रत्येक गाव गाठता आले.

परंतु विस्तार होताना शब्द आला आणि पद्धत मागे राहिली. कोसबाडची अंगणवाडी म्हणजे मुलांच्या अडचणीनुसार जागा व वेळ बदलणारी शाळा होती. योजनेतील अंगणवाडी हे लोकसंख्येच्या निकषावर मंजूर होणारे, ठरावीक नोंदवह्या व ठरावीक वेळ असलेले केंद्र झाले. १९९१ पासून या योजनेला जागतिक बँकेचे अर्थसाहाय्यही मिळाले व त्या प्रकल्पांचा भर प्रामुख्याने पोषणावर राहिला. वजन मोजता येते, आहाराचे वाटप मोजता येते. मुलाने आज गोष्ट ऐकून काय प्रश्न विचारला, हे अहवालात मावत नाही. त्यामुळे सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा दुय्यम होत गेली आणि जी पोकळी निर्माण झाली तीत खासगी ‘ज्युनिअर केजी’ व ‘सीनिअर केजी’ शिरले.

आंतरराष्ट्रीय करार : आपण काय घेतले

आंतरराष्ट्रीय प्रभाव म्हणजे बाहेरून लादलेले काहीतरी, अशी एक समजूत आढळते. ती सर्वस्वी खरी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेस भारताने १९९२ मध्ये संमती दिली. या संहितेचे २९ वे कलम शिक्षणातून मुलाच्या आईवडिलांविषयी, त्याच्या सांस्कृतिक ओळखीविषयी व भाषेविषयी आदर निर्माण व्हावा असे सांगते. ३० वे कलम अल्पसंख्य व मूलनिवासी समूहांतील मुलांना स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क देते. म्हणजे वारली मुलाच्या भाषेसाठीचा एक आधार स्थानिक शासन निर्णयात नसला, तरी आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात आहे. अशा वेळी स्थानिक विरुद्ध आंतरराष्ट्रीय हा विरोध निरर्थक ठरतो.

प्रश्न आहे तो निवडीचा. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मुलांसाठी मात्र ४५ व्या अनुच्छेदात राज्य प्रयत्न करील, एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे ११ वे कलमही तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी शासन आवश्यक व्यवस्था करू शकेल, या भाषेत आहे. २०१५ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांतील ४.२ हे लक्ष्य भारताने मान्य केले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत सार्वत्रिक बालशिक्षणाचे ध्येय ठेवले. ध्येयाचे वर्ष स्वीकारले गेले, हक्क मात्र स्वीकारला गेला नाही. हक्क दिला असता तर खर्चाचे उत्तरदायित्व आले असते.

पुराव्यांबाबतही हेच दिसते. बालशिक्षणावरील गुंतवणूक अनेक पटींनी परत मिळते, हे विधान आज प्रत्येक भाषणात असते. त्याचा प्रमुख आधार अमेरिकेतील मिशिगन राज्यातील यप्सिलँटी येथे १९६२ ते १९६७ या काळात चाललेला पेरी बालशाळा प्रकल्प हा आहे. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा वार्षिक परतावा ७ ते १० टक्के काढला. हा अभ्यास महत्त्वाचा आहे. परंतु त्यात एकूण १२३ मुले होती व त्यांपैकी ५८ मुलांना प्रत्यक्ष शिक्षण मिळाले. शिक्षक पदवीधर होते. एका शिक्षकाकडे साधारण पाच-सहा मुले होती आणि शिक्षक दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी सुमारे दीड तास जात असत. आपण परताव्याचा आकडा घेतला. मात्र २०२० च्या धोरणात बारावी उत्तीर्ण सेविकेस सहा महिन्यांचे प्रमाणपत्र व त्याहून कमी शिकलेल्या सेविकेस एक वर्षाची पदविका, तीही मुख्यतः दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनीच्या माध्यमातून, अशी तरतूद आहे. कार्यरत सेविकांना सामावून घेण्याची त्यामागील भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु ज्या अटींवर तो परतावा मिळाला त्या अटी वगळून परताव्याची अपेक्षा धरणे शास्त्रीय नव्हे.

मोजमापाची भाषा

आंतरराष्ट्रीय प्रभाव सर्वांत नकळत येतो तो मोजपट्टीतून. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने बालवाटिकेपासून तिसरीपर्यंतची उद्दिष्टे ठरवून दिली. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द अर्थासह वाचणे, अशी त्यांतील अपेक्षा आहे. मिनिटाला किती शब्द, ही मोजणी या शतकाच्या पहिल्या दशकात विकसनशील देशांसाठी तयार झालेल्या प्रारंभिक वाचन चाचण्यांमधून जगभर पसरली आणि तिचे मूळ इंग्रजी वाचनाच्या संशोधनात आहे.

मराठीत शब्द हे एकक वेगळे आहे. आपल्याकडे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘घराबाहेरच्यांनाही’ हा मराठीत एक शब्द आहे. तेवढाच अर्थ इंग्रजीत सांगावयास पाच-सहा शब्द लागतात. त्यामुळे मिनिटाला ४५ शब्द वाचणारे मराठी मूल व तेवढेच शब्द वाचणारे इंग्रजी मूल यांनी सारखे काम केलेले नसते. बालवाटिकेसाठीची अपेक्षा दोन ते तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचण्याची आहे. इंग्रजीतील तीन वर्णांचा ‘कॅट’ हा एका उच्चारघटकाचा शब्द होय. मराठीतील ‘कमळ’ या शब्दात तीन अक्षरे असून प्रत्येक अक्षरात व्यंजन व स्वर एकत्र आहेत आणि शेवटच्या अक्षरातील स्वर उच्चारात लोप पावतो. रोमन वर्ण व देवनागरी अक्षर यांना एकच शब्द वापरल्यामुळे दोन भिन्न कामे एकसारखी भासतात. पाच वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षावे, हे अशा भाषांतरावर ठरू नये.

या बाबतीत सुधारणेचे उदाहरणही देशातच आहे. २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात वाचनवेगाचे निकष २० भाषांसाठी स्वतंत्रपणे ठरविण्यात आले. मोजपट्टी बाहेरची असली तरी तिच्यावरील खुणा आपण बदलू शकतो, याचा हा पुरावा होय. मात्र वारली, कोरकू, गोंडी यांसारख्या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांना आजही प्रमाण मराठीच्या निकषावरच मोजले जाते.

‘स्थानिक’ म्हणजे कोण?

ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात मुलाच्या सर्वांगीण विकासाची मांडणी पंचकोश संकल्पनेच्या आधारे केली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा व साहित्याचा संच आला. खेळातून शिक्षण, मातृभाषा, गोष्टी व गाणी यांवर या आराखड्याने दिलेला भर स्वागतार्ह आहे व बालशिक्षणातील जागतिक संशोधनाशी तो सुसंगत आहे.

परंतु येथे राष्ट्रीय हे स्थानिकाच्या जागी बसविले गेले आहे, हे नमूद केले पाहिजे. उपनिषदांतील संकल्पना भारतीय निश्चितच आहे. ती जव्हार किंवा धारणी तालुक्यातील पाड्यावरच्या मुलाची स्थानिक आहे, असे आपोआप ठरत नाही. दिल्लीत तयार झालेली पेटी पाड्यावर पोहोचते तेव्हा तिच्यातील बाहुल्या देशी असल्या तरी ती पेटी बाहेरूनच आलेली असते. कोसबाडला साहित्य मुले व शिक्षिका रानातून गोळा करीत. गोळा करणे हाच तेथे पहिला पाठ होता.

स्थानिकतेचा दुसरा चेहरा अधिक अडचणीचा आहे. आज महाराष्ट्रातील गावोगावी पालकांची मागणी इंग्रजी माध्यमाच्या केजीची आहे. ही मागणी कोणत्याही आंतरराष्ट्रीय संस्थेने लादलेली नाही. ‘मुलांची बाग’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आपण ‘केजी’ केले आणि त्यात तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल दिली. फ्रोबेलला हे ओळखूही आले नसते. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात बालशाळांच्या नियमनाची व प्रवेशासाठीच्या चाचण्या बंद करण्याची शिफारस केली होती. ती मोठ्या प्रमाणात कागदावर राहिली. आपण महाविद्यालयीन शिक्षक या बाबतीत निव्वळ निरीक्षक नाही. चर्चासत्रात मातृभाषेवर निबंध वाचून दुसऱ्या दिवशी आपल्या अपत्यासाठी इंग्रजी नर्सरीच्या रांगेत उभे राहणाऱ्यांत आपणही आहोत. गावातील मजूर पालक आपल्याकडे पाहूनच निवड करतो. त्याची आकांक्षा अज्ञानातून आलेली नाही. कोणत्या शाळेतून कोणती नोकरी मिळते, हे त्याने पाहिले आहे. म्हणून स्थानिक जनतेला हवे ते द्यावे, असे म्हणूनही प्रश्न सुटत नाही.

या संदर्भात न्यूझीलंडचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथील १९९६ चा ‘ते फारिकी’ हा बालशिक्षण अभ्यासक्रम माओरी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. त्याच्या नावाचा अर्थ विणलेली चटई असा होतो. त्याच्या रचनेत माओरी प्रतिनिधी आरंभापासून सहभागी होते. १९८२ पासून माओरी समाजाने ‘ते कोहांगा रेओ’ ही आपल्या भाषेतील बालशाळांची चळवळ स्वतः उभी केली होती, म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आले. त्या अभ्यासक्रमात पाश्चात्त्य बालमानसशास्त्रही आहे. मसुदा तयार झाल्यावर स्थानिक उदाहरणे पेरण्याऐवजी मसुदा करणाऱ्यांतच स्थानिक असणे, हा त्यातून घेण्याचा धडा आहे. आपल्याकडे अंगणवाडी सेविका किंवा आदिवासी माता अशा समितीवर असाव्यात, ही कल्पना अजून रूढ झालेली नाही.

सेविकेचे स्थान

अखेरीस हा सारा प्रश्न अंगणवाडी सेविकेपाशी येऊन थांबतो. धोरणात ती शिक्षिका आहे, वेतनपटावर ती मानसेवी आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये तिचे मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान अधिनियम लागू असल्याचा निर्णय दिला आणि त्या करीत असलेल्या कामाचे वैधानिक स्वरूप अधोरेखित केले. महाराष्ट्रात २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये त्यांना दीर्घ संप करावा लागला.

२०२१ मध्ये राज्यातील अनेक सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत केले. उपकरणांच्या दर्जाबरोबरच पोषण नोंदींची प्रणाली मराठीतून वापरता येत नसल्याची त्यांची तक्रार होती. मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण ज्या स्त्रीने राबवावयाचे, तिलाच स्वतःच्या कामाची नोंद मातृभाषेतून करता येऊ नये, या विसंगतीवर शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकांत फारशी चर्चा झाली नाही.

विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या क्षेत्रभेटींत प्रस्तुत लेखिकेस एका आदिवासीबहुल तालुक्यातील अंगणवाडीत भिंतीवर अननसाचे चित्र असलेला अक्षरतक्ता दिसला. मुलांपैकी कोणी अननस पाहिलेला नव्हता. दाराबाहेर करंजाच्या शेंगांचा सडा पडला होता व मुले त्या शेंगा मोजत खेळत होती. त्या शेंगा आत आणून त्यांवर पाठ का घेत नाही, असे विचारता सेविकेने सांगितले की, त्या दिवशी दिलेल्या उपक्रमाचे छायाचित्र वेळेत पाठवणे अधिक आवश्यक होते. तिला शेंगांचे मोल कळत नव्हते असे नाही. गावात सर्वाधिक गाणी तिलाच येत होती. तिच्याकडे वेळ नव्हता आणि दिलेला उपक्रम बदलण्याची मुभा आहे, असे तिला कोणीही कधी सांगितले नव्हते. एका भेटीवरून सार्वत्रिक निष्कर्ष काढता येत नाही. तरीही ताराबाईंना व अनुताईंना असलेला अधिकार त्यांच्या वारसदार सेविकेकडे का पोहोचला नाही, हा प्रश्न या भेटीने स्पष्ट केला.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, परदेशी विचार हा बालशिक्षणाचा शत्रू नाही. रमाबाई, गिजुभाई, ताराबाई व अनुताई यांनी तो मोकळेपणाने घेतला, कारण तो बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःकडे ठेवले. दुसरा असा की, आपल्या धोरणाने बाहेरून आकडे, वर्षे व मोजपट्ट्या घेतल्या, परंतु हक्क, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण व गृहभेटी यांसारख्या खर्चाच्या बाबी बाहेरच ठेवल्या. तिसरा असा की, ‘स्थानिक’ हे लेबल राष्ट्रीय आशयावर लावल्याने पाड्यावरचे मूल त्यात आपोआप येत नाही.

यावरून सुचणारे उपाय साधे आहेत. सेविकेच्या दिवसातील शिक्षणाचे तास इतर नोंदी व मोहिमांपासून मुक्त ठेवावेत आणि दिलेला उपक्रम परिसरानुसार बदलण्याची मुभा तिला लेखी स्वरूपात द्यावी. वाचनाचे निकष मराठीच्या रचनेवरून ठरवावेत व आदिवासी भाषक मुलांसाठी त्यांचा स्वतंत्र विचार व्हावा. राज्यस्तरीय अभ्यासक्रम समित्यांत कार्यरत सेविकांना सदस्यत्व द्यावे. तीन ते सहा वयोगटाच्या शिक्षणास कायदेशीर हक्काचे रूप मिळावे. महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलावा. गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी परिसरातील अंगणवाड्यांतील खेळ, गाणी व बोलींचे दस्तऐवजीकरण सेविकांच्या सहकार्याने व त्यांचे श्रेय नोंदवून केले, तर धोरणाला लागणारी स्थानिक सामग्री निर्माण होईल.

२०३० हे उद्दिष्टाचे वर्ष आता दूर नाही. त्या वर्षी किती केंद्रे उघडली व किती मुलांची नोंद झाली, हे आकडे आंतरराष्ट्रीय अहवालात जातीलच. दाराबाहेरच्या करंजाच्या शेंगा आत आणण्याची मुभा किती सेविकांना मिळाली, याचा रकाना त्या अहवालात असणार नाही. तो आपल्यालाच आखावा लागेल.